पाट्या टाकण्याचा इतिहास

मराठीत कामसू माणसासाठी जेवढे शब्द आहेत त्याच्या दुप्पट तरी कामचुकार माणसासाठी असावेत, असा माझा जुना संशय आहे. टंगळमंगळ, चालढकल, अंगचोरपणा, वेठ उरकणे, खर्डेघाशी... आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे 'पाट्या टाकणे'. पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही आयटी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जा. "काय चाललंय सध्या?" या प्रश्नाला "काही नाही रे, पाट्या टाकतोय" हे उत्तर हमखास मिळतं.

२०२२ साली अमेरिकेत टिकटॉकवर 'क्वाएट क्विटिंग' नावाचं खूळ निघालं. म्हणजे राजीनामा द्यायचा नाही, भांडायचं नाही, फक्त ठरलंय तेवढंच काम करायचं. सहा वाजले की लॅपटॉप बंद. जगभरच्या पेपरांनी जणू नवा आजार सापडल्यासारखे लेख लिहिले. आमच्या टेबलावरचा एक जण मात्र ताकाचा ग्लास ठेवत शांतपणे म्हणाला, "हॅ! हे तर आपलं पाट्या टाकणंच की."

बरोबर आहे. आणि थोडंसं चूकही आहे. का, ते सांगण्यासाठी हा वीकेंडचा प्रपंच.

ही पाटी शाळेतली नव्हे. पाटी म्हणजे टोपली, माती वाहायची. एकानं खणायचं, दुसऱ्यानं पाटी भरायची, तिसरीनं डोक्यावर घेऊन भरावावर रिकामी करायची. दिवसभर तेच. तलाव होतोय की रस्ता, याच्याशी पाटीवालीला काही देणंघेणं नाही. तिचा संबंध मोजमापाशी. मला इथे खरा प्रश्न दिसतो तो हा की पाट्या मोजणारा कोण, आणि त्यानं माप बदललं की पाटी टाकणारे काय करतात?

तर मंडळी, १८७७ सालात जाऊ. १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ. दख्खनमध्ये सरकारनं दुष्काळी कामं काढली होती. व्हाइसरॉय लिटननं खर्चाला लगाम घालायला सर रिचर्ड टेंपल यांना पाठवलं. त्यांनी हिशेब मांडला की माणसाला जगायला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेत. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी. तेवढ्यावर दिवसभर माती वाहायची! मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी, एवढ्यात काम करणारं शरीर टिकणार नाही, असा उघड विरोध केला. इकडे मुंबई इलाख्यात जानेवारी १८७७ मध्ये मजुरी खाली आली तेव्हा हजारो माणसं कामं सोडून निघून गेली. दुष्काळात, पोटाला काही नसताना! पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, म्हणजे सार्वजनिक काका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. या लोकांनी पाट्या टाकल्या नाहीत, पाट्या खाली ठेवल्या. अर्ध्या पोटी नुसत्या पाट्या टाकणंसुद्धा परवडत नव्हतं.

गंमत बघा, त्याच महिन्यात, १ जानेवारी १८७७ ला, नागपुरात जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. (त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, म्हणून 'एम्प्रेस'.) मिलमध्ये मोठी डोकेदुखी होती गैरहजेरीची. लोकांना मनात आलं तर यायचे. त्या काळी यावर सर्वमान्य औषध म्हणजे दंड. टाटांनी उलटा रस्ता धरला. १८८६ साली पेन्शन फंड सुरू केला, १८९५ साली अपघाताची नुकसानभरपाई. कायद्यानं सांगण्याच्या कितीतरी आधी. आजच्या भाषेत आपण याला 'रिटेन्शन पॉलिसी' म्हणू आणि नाक मुरडू, पण सौदा स्वच्छ होता. तू टिकलास तर म्हातारपणी मी तुला वाऱ्यावर सोडणार नाही. निष्ठा ही वस्तू अशीच तयार होते, दोन्ही बाजूंनी हप्ते भरून. एकानं हप्ते थांबवले की दुसऱ्याचं खातंही गोठतं. (पुढे १९८६ साली एम्प्रेस टाटांच्या हातून गेली आणि २००२ साली बंदच पडली. कुठलीच पॉलिसी अमर नसते.)

आता आणखी एक उदाहरण, जे आपल्याकडे या विषयात सहसा येत नाही. महार वतन. वतन म्हटलं की आपल्याला मानाचं काहीतरी वाटतं. प्रत्यक्षात गावच्या महारांना जमिनीचा तुकडा आणि गावकऱ्यांकडून मिळणारं बलुतं यांच्या बदल्यात सरकारची आणि गावाची पडेल ती कामं करावी लागत. टपाल पोचव, साहेबाचं सामान उचल, सारा भरायला लोकांना बोलावून आण. किती वाजता? कधीही. किती तास? ठरलेलं नाही. बाप आजारी असेल तर घरातल्या दुसऱ्यानं जायचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. त्यांचं म्हणणं असं की कामं कोणती, पगार किती, हे लिहून ठरवा आणि ज्यांना ही बांधिलकी नको त्यांना मोकळं करा. ते विधेयक काही पास झालं नाही. गावकामाची ही कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं.

हे इथे का सांगतोय? कारण 'किमान काम' करायला आधी 'किमान' कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं. वतनदार महाराला पाट्या टाकायची सोयच नव्हती. पाट्यांचा आकडाच ठरलेला नव्हता! क्वाएट क्विटिंगवाले "जॉब डिस्क्रिप्शनपुरतंच काम" म्हणतात ना, ते जॉब डिस्क्रिप्शन ही फुकट मिळालेली गोष्ट नाही.

आणि कामाचे तास? तेही नाहीत.

मुंबईत कापड गिरणी सुरू झाली १८५६ साली. सुरुवातीला काम सूर्य उगवला की सुरू, मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून कामही मोठं. ठाण्यात जन्मलेले, 'दीनबंधु' चालवणारे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मागण्या वाचल्या तर आज डोळ्यात पाणी येतं, इतक्या साध्या आहेत. आठवड्यात एक सुट्टी. दुपारी अर्धा तास जेवायला. सकाळी साडेसहाच्या आधी काम सुरू करू नका. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्या. एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजारांच्या आसपास कामगार आले आणि त्यात दोन स्त्रियांनीही भाषणं केली. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली.

मग गिरण्यांत विजेचे दिवे आले. दिवे आले म्हणजे सोय झाली असं आपल्याला वाटतं, पण सूर्य मावळला तरी काम थांबायचं कारण उरलं नाही. १९०५ च्या सुमारास मुंबईत चौदा-पंधरा तास गिरणी चालू लागली. ओरड झाली तेव्हा सरकारनं कमिशन नेमलं आणि १९०८ मध्ये त्याचा अहवाल आला. आता नीट वाचा, कारण माझ्या मते पाट्या टाकण्याच्या इतिहासातलं हे सगळ्यात महत्त्वाचं पान आहे. कमिशनला दिसलं की कामगार सलग काम करतच नाही. विडी ओढायला बाहेर, खायला बाहेर, अंघोळीला बाहेर, आवारात रेंगाळतोय. गिरणीवालेही वस्ताद. माणसं रेंगाळणार हे धरूनच जास्तीची माणसं ठेवत.

याचा अर्थ काय लावायचा? एक अर्थ असा की हिंदी माणूस मुळातच सुस्त, सलग काम त्याच्या स्वभावात नाही. मग तास कमी करून काय उपयोग, तो तेवढ्यातही रेंगाळेलच! दुसरा अर्थ असा की पंधरा तास उभं राहायचं असेल तर माणूस स्वतःला वाचवत, पुरवून पुरवूनच काम करणार. आधी तास कमी करा, मग रेंगाळणं बघा. कमिशननं प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट मर्यादा घालायचं टाळलं. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर या सदस्यानं वेगळं मत नोंदवून थेट मर्यादाच हवी असं सांगितलं. शेवटी १९११ च्या कायद्यानं कापड गिरण्यांत दिवसाला १२ तासांची मर्यादा आली. १९२२ साली आठवड्याला ६०, १९३४ साली ५४ आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ साली ४८.

इंजिनियर असल्यामुळे मला इथे गुणाकार केल्याशिवाय राहवत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं सुचवलं. १२ गुणिले ६ म्हणजे ७२. म्हणजे साधारण १९११ चा कायदा. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांची ९० तासांची गोष्ट गाजली. १५ गुणिले ६ म्हणजे बरोब्बर ९०, विजेचे दिवे आले तेव्हाची गिरणी. वर रविवारी तुम्हाला कामाला लावता येत नाही याची खंतही त्यांनी बोलून दाखवली होती. लोखंडे ऐकत असतील तर काय म्हणत असतील, देव जाणे. :) कारखान्याचा कायदा ऑफिसला जसाच्या तसा लागत नाही हे मला माहीत आहे. पण शरीर तेच असतं ना?

बरं, कायद्याला हे संथ काम कसं दिसतं? वाईट दिसतं. १९६१ साली भारत शुगर मिल्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं 'गो-स्लो'वर कडक ताशेरे ओढले. संपापेक्षाही हे घातक, कारण संपात यंत्रं बंद ठेवता येतात आणि पगारही वाचतो. गो-स्लोमध्ये यंत्रं रडतखडत चालू, ती खराब होतात आणि कामगार पूर्ण पगार मागतो. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना कायद्यात मुद्दाम केलेला गो-स्लो ही कामगारांच्या बाजूची 'अनुचित प्रथा' ठरवली गेली.

पण इथे एक फरक आहे, आणि त्या ताकाच्या ग्लासवाल्या मित्राचं थोडंसं चुकतं ते इथेच. ठरलंय त्यापेक्षा कमी काम करणं म्हणजे गो-स्लो. ठरलंय तेवढंच, नियमाला धरून करणं म्हणजे 'नियमानुसार काम'. पहिल्यात पाट्या अर्ध्या भरलेल्या असतात. दुसऱ्यात पूर्ण भरलेल्या, पण मोजून.

दुसऱ्याची ताकद मुंबईकरांनी अंगावर घेतलेली आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये मध्य रेल्वेच्या मोटरमननी संप वगैरे काही केला नाही. फक्त ओव्हरटाइम करणार नाही म्हणाले. झालं! लोकल रद्द, प्लॅटफॉर्म तुडुंब. जागा रिकाम्या होत्या आणि आहेत त्यांच्या जादा तासांवर वेळापत्रक उभं होतं. माणसं ठरलेलं काम पूर्ण करतात आणि तरीही सगळं कोसळतं. मग याचा अर्थ, वेळापत्रक त्यांच्या 'ठरलेल्या' कामावर चाललेलंच नव्हतं. तुमच्या प्रोजेक्टमध्ये दोन माणसं सहाला घरी जायला लागल्यावर रिलीज घसरत असेल, तर बिघाड त्या दोघांत शोधू नका. एस्टिमेट काढून बघा.

आता निष्ठेचं. मी राहतो त्या तळवलीच्या आजूबाजूला बघितलं तर हा सगळा इतिहास थरांसारखा दिसतो. आधी भातशेती आणि आगरी-कोळ्यांची गावं. मग ठाणे-बेलापूर रस्त्यालगत एमआयडीसी आणि रासायनिक कारखाने. नोसिलचा पेट्रोकेमिकल कारखाना १९६८ सालचा. १९७० पासून सिडको. बऱ्याच कारखान्यांची धुराडी पुढे थंड झाली आणि त्याच पट्ट्यात आता आम्ही काचेच्या इमारतींत गळ्यात पट्टे अडकवून बसतो. त्या इमारतींच्या गेटवरचा वॉचमन, झाडूवाल्या मावशी आणि कॅन्टीनमधला पोऱ्या, बहुतेक सगळे कंत्राटी.

गिरणगावात या माणसाला 'बदली' म्हणत. रोज सकाळी गिरणीच्या गेटवर यायचं. कायम कामगार आला नसेल तर काम, नाहीतर घरी परत. वर्षानुवर्षं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले तेव्हा पगारवाढीबरोबर बदलींना कायम करा ही मागणीही होती. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो विरून गेला. गिरण्यांच्या जागी मॉल आले, ते आपण बघतोच. ज्या मुलांनी वडिलांना गिरणीबद्दल 'आपली गिरणी' म्हणताना ऐकलं आणि मग घरी बसलेलं पाहिलं, त्यांनी 'आपली कंपनी' हा शब्द जरा जपूनच वापरला तर नवल नाही.

आमच्या पिढीचा धडा लहान, पण तोच. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोनं बाहेर दुसरं काम करणाऱ्या ३०० जणांना काढलं, तेव्हा निष्ठेवर भरपूर प्रवचनं झाली. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे १२,००० लोक, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या २ टक्के, कमी करणार असं जाहीर केलं. टीसीएस! 'एकदा चिकटलास की रिटायरमेंटपर्यंत बघायला नको' असं ज्या कंपनीबद्दल आमच्या घराघरात सांगितलं जायचं ती. टाटांच्याच घराण्यातली, पेन्शन फंडवाल्या एम्प्रेस मिलची धाकटी भावंड. कंपनीला धंदा बघावा लागतो, मान्य. पण मग कर्मचाऱ्यानंही धंदाच बघितला तर त्याला 'अॅटिट्यूड प्रॉब्लेम' का म्हणायचं?

इथपर्यंत वाचून वाटेल की मी पाट्या टाकण्याची वकिली करतोय. थांबा जरा.

आधीच्या एका कंपनीत (नाव नको) आमच्या टीममध्ये एक सीनियर होता. अत्यंत हुशार. दोनदा प्रमोशन हुकल्यावर त्यानं ठरवलं, तिकिटात लिहिलंय तेवढंच करायचं. त्यानं लिहिलेल्या एका कामात महिनाअखेरीला फाइल फुगून सिस्टीम बसणार हे त्याला दिसत होतं. तिकिटात लिहिलं नव्हतं, त्यानं सांगितलं नाही. नियमाला धरून सगळं बरोबर. महिनाअखेरीला रात्री दोन वाजता फोन वाजला तो मॅनेजरचा नाही, त्याला प्रमोशन नाकारणाऱ्या साहेबाचा तर नाहीच नाही. वाजला माझा, कारण त्या आठवड्यात सपोर्टला मी होतो. पहाटे पाचला सिस्टीम उठली. साहेबांना सकाळी 'इश्यू रिझॉल्व्ह्ड' एवढी एक ओळीची मेल गेली आणि त्यांचा दिवस मजेत सुरू झाला. त्या सीनियरचा राग मला आजही पूर्ण कळतो. पण त्याची पाटी पडली ती खालच्या माणसाच्या डोक्यावर.

म्हणून माझं आपलं मत असं. तास मोजून द्यावेत, त्यात काही पाप नाही. ते तास ज्यांनी मोजून घेतले त्यांनी त्यासाठी खस्ता खाल्ल्यात. सहाला निघणाऱ्याकडे बघून कुणी घड्याळ दाखवलं तर त्याला १९४८ चा कायदा दाखवावा. पण शेजारच्याला खड्डा दिसत नसेल तर 'खड्डा आहे' एवढं सांगणं मोजमापात धरू नये. ते कंपनीसाठी नसतंच मुळी.

आणि दुसरी गोष्ट जरा जास्त खटकणारी. क्वाएट क्विटिंगमध्ये मला सगळ्यात धोक्याचा वाटतो तो 'क्वाएट' हा शब्द. गुपचूप. १९०५ चे गिरणी कामगार आवारात रेंगाळत होते तेव्हा तेही खरं तर काहीतरी सांगत होते. पण ते तोंडानं नाही सांगितलं, म्हणून त्याचा अर्थ दुसऱ्यांनी लावला आणि सोयीचा लावला. स्वभावच सुस्त! आज आपण गप्प राहून कॅमेरा बंद करून मीटिंगमध्ये बसतो, त्याचाही अर्थ कुणीतरी लावतंच आहे. 'आजकालच्या मुलांना काम नको.' उद्या त्याच अर्थावरून मापं ठरतील, की-बोर्ड किती वेळा दाबला ते मोजणारं सॉफ्टवेअर येईल. ते लिहिणारेही आपलेच भाऊबंद असतील, तो भाग वेगळा.

लोखंडेंच्या साडेपाच हजार सह्यांचा असा सोयीचा अर्थ कुणाला लावता आला नाही. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की आठवड्यातून एक दिवस हवा, दुपारी अर्धा तास हवा. सहा वर्षं लागली, पण रविवार मिळाला. एकेकट्यानं हळू काम करून तो मिळाला असता असं मला वाटत नाही.

आपल्याला सह्या करायची सवय राहिलेली नाही हे खरं. आपण अप्रेझलच्या खोलीत एकेकटे जातो आणि एकेकटेच बाहेर येतो. पण निदान पुढच्या वेळी "एवढं शनिवारी करून टाक ना" असा मेसेज आला, तर गुपचूप न बघितल्यासारखं करण्यापेक्षा "शनिवारी जमणार नाही, सोमवारी सकाळी करतो, आणि हे दर शनिवारी लागत असेल तर माणूस वाढवा" असं लिहून तर बघू. ग्रुपवर, सगळ्यांना दिसेल असं. कदाचित दुसरा कुणीतरी खाली अंगठा देईल.

असो. फार लांबलं. उद्या सोमवार आहे आणि ठाणे-बेलापूर रस्त्याचं ट्रॅफिक कुणाच्याच निष्ठेची कदर करत नाही.